राजाची ठिणगी, बापाची फुंकर

विस्तवाची चोरी केली म्हणून मायाप्पा धनगराला राजाच्या शिपायांनी पकडलं, तेव्हा त्याची लेक धुरपा चुलीवर भाकरी भाजत होती. शिपायांनी आधी चुलीत पाणी ओतलं, मग मायाप्पाच्या कमरेची चंची उलटी केली. गारगोटी निघाली, पोलादाचा तुकडा निघाला, सावरीचा चिमूटभर कापूस निघाला. "मुद्देमाल सापडला!" असं म्हणून त्यांनी अर्धी भाजलेली भाकरीसुद्धा जप्त केली आणि वाटेत खाऊन टाकली.

गुन्हा तसा नवाकोरा होता. कुंभेरगडच्या प्रतापधवल राजांना दिवाणजींनी पटवून दिलं होतं, की राज्यातला दगड राजाचा, लाकूड राजाचं, म्हणजे दगडात आणि लाकडात दडलेला विस्तवही राजाचाच! राजांना हे भारी आवडलं. बसल्या जागी मिळालेलं मोठेपण कुणाला आवडत नाही? लगेच फर्मान सुटलं. कुणी चकमक झाडायची नाही, कुणी लाकडावर लाकूड घुसळायचं नाही, शेजारणीकडून निखारा मागून आणायचा नाही. ज्याला विस्तव हवा त्याने गडावर यावं, विस्तवखात्यापुढे रांग लावावी आणि गोवरीवर एक निखारा घेऊन जावं. खात्याने निखाऱ्यावर लाखेची मोहर उठवूनही पाहिली. मोहर वितळली, कारकुनाची मिशी जळली, पण खातं मात्र वाढतच गेलं. डोंगरावरच्या धनगरवस्तीत पोहोचेपर्यंत निखाऱ्याची राख होई. वस्तीने खायचं काय, तर कच्चं पीठ! म्हणून मायाप्पाने चकमक झाडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरपा दरबारात उभी राहिली.

"म्हाराज, माझ्या बाला सोडा. वस्तीवर मेंढरं वरडत्यात, आन् ह्यो हितं कोठडीत खोकतोय."

"सोडतो की!" राजे मिशीवर ताव देत म्हणाले. "त्यानं चोरलेला माझा विस्तव परत आण."

"आत्ता घिऊन येते, त्यात काय!"

"थांब! दुसरा कुठला चालणार नाही. त्यानं चोरला तोच हवा! नाहीतर तुझा बाप जन्मभर कोठडीत!"

"वा महाराज! काय न्याय!" दिवाणजी म्हणाले.

तो विस्तव तर शिपायांनी पाणी ओतून कधीच विझवला होता. आई तिच्या लहानपणीच गेलेली. बाप गेला तर ह्या जगात तिचं म्हणावं असं माणूसच नव्हतं. डोळे भरून आले. पण रडून ह्या राजाचा हट्ट सुटणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि मान वर केली.

"त्यो इस्तू हितंच हाय, म्हाराज! तुमच्याच शिपायांनी काल जमा केलाय. बाची चंची आणा."

चंची आली. धुरपाने गारगोटी आणि पोलाद काढून राजांपुढे धरलं. "बानं काढला त्यो ह्यातनंच. दगडातला इस्तू राजाचा, असं तुमीच म्हनता न्हवं? मग आपला माल आपुनच काढून घ्या!"

राजांना पाठ दाखवणं शक्य नव्हतं. सगळा दरबार बघत होता. त्यांनी बाह्या सावरल्या आणि पोलाद गारगोटीवर हाणलं. दोन-चार घाव फुकट गेले, मग ठिणग्या उडाल्या!

"बघा! माझा विस्तव!" राजे ओरडले.

"लावा मग त्यानं ही दरबारातली समई!" धुरपा म्हणाली.

राजांनी समईपाशी बसून ठिणग्यांचा पाऊस पाडला. वात ढिम्म. राजांना घाम फुटला, डोक्यावरचा मंदिल डोळ्यावर आला आणि एक घाव नेमका अंगठ्यावर बसला.

"वा महाराज! काय तेज!" दिवाणजी सवयीने म्हणाले.

"तेज कसलं! अंगठा आहे तो!" राजे कळवळले. मग धुरपाकडे वळून म्हणाले, "ठिणग्या तर पडतात. मग आग का लागत नाही?"

"ठिणगी तेवढी तुमची, म्हाराज. बानं घेतल्या त्यापरीस जास्त ठिणग्या तुमी आत्ता काढून घेतल्या. तुमचा माल तुमाला पोचला. चुलीत पेटलं ते निराळंच."

असं म्हणून धुरपाने चंचीतला कापूस दगडाला लावून धरला, एकच घाव घातला आणि ठिणगी कापसात झेलली. दरबाराच्या पायपुसण्याचा थोडा काथ्या उपसून त्यात तो कापूस ठेवला आणि हळूच फुंकर घातली. धूर आला, लाल डोळा उघडला, जाळ झाला! तिने समई लावली.

"ह्ये फुंकरीनं पेटलं. तशी काल बाची फुंकर व्हती, त्याच्या छातीतली. ती ना दगडात व्हती, ना लाकडात. तुमच्या ठिणगीपायी त्यानं सोताचा श्वास घातला. त्यो त्याला परत द्या. त्योच! दुसरा चालायचा न्हाई!"

दिवाणजी लगबगीने पुढे सरसावले. "महाराज, हवा आपल्या राज्यातली. म्हणजे तिच्या बापाचा श्वाससुद्धा आपलाच!"

"मग तर लई बेस झालं!" धुरपा टाळी वाजवून म्हणाली. "श्वास राजाचा, तर खोकलाबी राजाचाच! माझा बा रातभर खोकून बेजार झालाय. आता त्यानं निवांत पडावं, आन् त्याचा खोकला राजांनी खोकावा!"

राजे आधी दिवाणजींकडे बघत राहिले. मग पोट धरून असे हसले, असे हसले, की त्यांना जोरदार ठसका लागला.

"बगा!" धुरपा म्हणाली. "पोचला वाटतं बाचा खोकला!"

डोळे पुसत, खोकत, हसत राजांनी हुकूम सोडले. मायाप्पा सुटला, ज्याची त्याची चकमक ज्याला त्याला परत मिळाली आणि गडाखालचं हिरवं कुरण धुरपाच्या मेंढरांना कायमचं बहाल झालं. विस्तवखातं त्याच दिवशी मोडलं, आणि दिवाणजी मुदपाकखान्यात ओल्या लाकडाच्या चुली फुंकायला बसले.