अत्तराचा हात

एका राज्यात भानुकेत नावाचा राजा होता. राज्याच्या उत्तरेला एक गोल टेकडी होती. तिला ना कडा, ना झाड. नुसते गवत आणि वारा. धनगर तिथे मेंढ्या चारीत.

एकदा राजा शिकारीहून त्या वाटेने परतत होता. नुकते जन्मलेले कोकरू दिसले, त्याने ते कौतुकाने उचलले, कुरवाळले, खाली ठेवले आणि निघून गेला. हाताला केवड्याचे अत्तर होते. मेंढीने पिलू हुंगले, परका वास आला, तिने मान फिरवली. कोकरू उपाशी ओरडून ओरडून मेले.

टेकडी जादूची होती. तिने शाप दिला.

राजा महाली आला, तो राणी मृगावती आपल्याच लेकीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही पोर कुणाची? हिला हिच्या आईकडे पोचवा."

वैद्य हरले, मांत्रिक हरले. आईवाचून राजकन्या घास घेईना, दिवसेंदिवस वाळत चालली. तेव्हा राजा एकटाच टेकडीकडे गेला. पायथ्याशी टिटवी बसली होती.

"टेकडीला बोलायचा कंटाळा," टिटवी म्हणाली, "म्हणून मी सांगते. तुझ्या हातच्या वासाने कोकरू मेले. आता अत्तर जाईतो चाल. मेंढ्या बुजेनाशा होईतो चाल. मग एका पोरक्या कोकराला आई मिळवून दे."

"आणि घोडा?"

"परत पाठव. जोडेही."

राजा चालला. त्या टेकडीवर चढ कळत नाही, उतारही कळत नाही. माथा आला म्हणावे तर पुढे तेवढेच गवत. दव, धूळ आणि घाम यांनी अत्तर गेले. पण तो पुढे झाला की कळप फुटे. लकाबाई धनगरीण हसून म्हणाली, "आरं राजा, म्होरं कशाला पळतुयास? मागं ऱ्हा. त्यास्नी वाट ठावं हाय."

तो मागे राहिला. मेंढी थांबली की थांबला. इतके हळू तो कधी चालला नव्हता. लेक पहिली पावले टाकीत होती, तेव्हाही तो घाईतच होता; ते त्याला आता आठवले. मेंढ्या त्याच्या पायाशी चरू लागल्या.

एका मेंढीचे पिलू दगावले होते. दुसऱ्या एका पिलाची आई मेली होती. लकाबाईने त्या मेंढीचे दूध काढून पोरक्याच्या शेपटीला चोळले. "घे, तूच ठेव तिच्याफुडं."

"तिने नाही घेतले तर?"

"तर मरंल. दुसरं काय?"

राजाने कोकरू मेंढीपुढे ठेवले. मेंढीने शेपटी हुंगली. राजाचे हात हुंगले. मग ती पाय फाकवून उभी राहिली, आणि कोकरू लुचू लागले. टेकडीने श्वास सोडला. सारे गवत एका अंगाला लवले. शाप सुटला.

राजा महाली पोचला, तो राणी लेकीला भरवीत होती. "इतके दिवस कुठे होता महाराज? हिने नुसता छळ मांडलाय. हाडे बघा कशी वर आलीत!"

राजकन्या गालात घास धरून हसली.

"हसतेस काय?" राणी रागावली. "गीळ आधी."