औषध कुणाच्या ताटात

सोनवडी संस्थानच्या मानाजीराजांची सात वर्षांची लेक भाजीला तोंड लावत नसे. पोर वाळत चालली, तसे राजे मुदपाकखान्यातल्या गिरजाबाईवर कडाडले, "आठ दिवसांत ताईसाहेबांनी भाजी खाल्ली नाही, तर तू गाशा गुंडाळ."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. गिरजाबाई लेकीच्या ताटाकडे वळलीच नाही. मेथी, दोडका आणि पपईच्या फोडी तिने राजांच्याच ताटात वाढल्या.

राजांचा चेहरा लाल झाला. "हा पाला आम्ही जन्मात खाल्ला नाही. आजारी आम्ही आहोत का?"

"नाही सरकार," गिरजाबाई शांतपणे म्हणाली. "पण ताईसाहेब आधी तुमचं ताट बघतात. तुम्ही जे बाजूला सारता, तेच त्याही सारतात. म्हणून त्यांचं औषध तुमच्या ताटात वाढलंय."

राजांनी लेकीच्या हडकुळ्या मनगटाकडे पाहिलं आणि मेथीचा घास घेतला. मग दुसरा घेतला.

तिसऱ्या घासाला लेकीने हात पुढे केला. "आबासाहेब, मलाही."

राजांनी तो घास तिला भरवला आणि मान वर न करताच म्हणाले, "गिरजाबाई, उद्यापासून आम्हा दोघांना एकच भाजी वाढत जा."