कुमुदवहिनींची केळ

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फार तर नव्वद म्हणा. फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मागच्या श्रावणात, कुमुदवहिनींच्या दिवाणखान्यात कुंडीत एक केळ राहत होती. ती काही केल्या वाढेना.

वहिनींनी तिला खिडकीशी ठेवलं, शेणखत घातलं, मोठी कुंडी आणली, दृष्टसुद्धा काढली. शेवटी एका सोमवारी त्या कडाडल्या, "कुठं कमी पडले गं मी? पुढच्या सोमवारपर्यंत वाढली नाहीस, तर उपटून मनीप्लँट लावीन!" आणि नैवेद्यासाठी त्यांनी तिच्या एकुलत्या कोवळ्या पानाला सुरी लावली.

"आता तरी बोल की, बये!" कुंडी केळीवर खेकसली.

"अहो वहिनी," केळ वैतागून म्हणाली, "ऊन पोचलं, खतही पोचलं. पण तुम्ही पानावर जेवता, मी पानानं जेवते. दर सोमवारी ताटच उचलून नेलंत, तर वाढू कशी?"

सुरी थांबली. त्या दिवशी नैवेद्य स्टीलच्या ताटलीत वाढला गेला, आणि देवानं तो मुकाट्यानं खाल्ला.

आता कबूल करतो, यात एकच गोष्ट माझ्या पदरची आहे. केळ बोलली, ते खरंच. वहिनींनी ऐकलं, ते मी रचलं.