मागून येणारा

"...आणि आपला जीव वाचवताना समोरच्याचा गेला, तर पाप लागतं का, बुवा?"

चैतगीर बुवा मठीच्या ओट्यावर एक पाय मांडीवर घेऊन बसले होते. तळपायात काटा रुतला होता आणि तो ते सुईनं उकरत होते. म्हातारपणी नजर अधू झालेली. काटा एकीकडे, सुई दुसरीकडे.

"कुणाचा घ्यायचं ठरलंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ठरलं नाही. नुसतं विचारतोय."

"पिशवीत काय आहे?"

रंगनाथनं पिशवी मांडीखाली सरकवली. मग लपवून उपयोग नाही असं पाहून म्हणाला, "कोयता."

"ऊसतोडीला निघालास होय?"

रंगनाथ हसला नाही. त्याला हसून कितीतरी दिवस झाले होते.

रंगनाथ मुळे हा निंबदरीतला बी-बियाणांचा दुकानदार. दुकान गावात आणि घर ओढ्यापलीकडे, आडबाजूच्या वस्तीवर; घरी तो आणि बायको सिंधू. माणूस व्यवहाराला चोख, पण ताठ. कुणाचा चहा फुकट प्यायचा नाही, कुणाला 'जरा थांब रे माझ्यासाठी' म्हणायचं नाही. आणि शर्टाखाली कमरेला परवान्याचं रिव्हॉल्वर.

लोकांना वाटतं, बंदूक बाळगणारा एक तर पुढारी असतो, नाही तर माजलेला. रंगनाथ दोन्ही नव्हता. तो नुसता एकदा मार खाल्लेला माणूस होता.

दोन वर्षांपूर्वी, दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी निघालेला असताना, ओढ्याजवळ मागून काठी बसली. खांद्याचं हाड मोडलं, गाडी गेली, पैसे गेले. ते सगळं त्यानं सोसलं असतं. पण तो ओरडला होता. ओढ्याकाठच्या घरात दिवा होता. त्याच्या ओरडण्यावर तो दिवा विझला.

"विझला, बुवा," तो आजही तसंच सांगायचा, जणू आत्ता समोर विझला असावा. "तेव्हाच कळलं. आपलं आपणच."

"म्हणून रिव्हॉल्वर घेतलंस."

"म्हणून घेतलं. कुणाला मारायला नाही. दिवे विझले तर आपल्यापाशी काहीतरी असावं म्हणून."

"झोप लागायला लागली का मग?"

"लागली."

"चांगलं झालं," बुवा म्हणाले.

रंगनाथला नवल वाटलं. त्यानं उपदेशाची तयारी ठेवली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती सगळी तोंडातच राहिली.

"मग आता कोयता कशाला?"

आता कोयता कशाला, तर निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. रंगनाथनंही केलं. ठाण्यातून बाहेर पडताना त्याला अंगावरचे कपडे काढून ठेवल्यासारखं वाटलं. पण तो हुशार माणूस. कमरेचं रिव्हॉल्वरचं कातडी पाकीट त्यानं सोडलं नाही. त्यात दाणे काढलेलं मक्याचं कणीस खुपसलं आणि वरून शर्ट सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि त्याच आठवड्यापासून कुणीतरी त्याच्या मागून यायला लागलं.

"रोज?" बुवांनी विचारलं.

"रोज. दिवेलागणीला दुकान बंद केलं की ओढ्यापासून वस्तीपर्यंत. मी थांबलो की तो थांबतो. मी चाललो की तो चालतो. आणि रोज वेगळा माणूस, बुवा. पावलांवरून कळतं. कुणी जड, कुणी पाय ओढत, कुणी खोकत. टोळी आहे. टेहळणी चाललीय."

"वळून बघितलंस?"

रंगनाथची वळून बघायची छाती झाली नव्हती. तो नुसता पाय उचलायचा, धावायचा तेवढा बाकी. गेलेल्या मोटारसायकलच्या जागी त्यानं दुसरी घेतलीच नव्हती. तिच्या आवाजात मागचं ऐकू येत नाही म्हणून.

"आज मी थांबणार आहे," तो म्हणाला. "पुलाच्या आडोशाला. त्यांच्यातला एक तरी आज आडवा होईल. मग उद्यापासून कुणी येणार नाही. बोला, बुवा. पाप आहे का?"

बुवांनी सुई खाली ठेवली. टेकडीखालच्या गावाकडं बघितलं.

"मार," ते म्हणाले.

रंगनाथनंच पिशवी मागं सरकवली.

"पण एक कर. आधी त्याला पुढं जाऊ दे. इतके दिवस तो तुझ्या मागून चालला, आज तू त्याच्या मागून चाल. तो जिथं निघालाय तिथं पोचू दे. तोवर कोयता पिशवीतून काढायचा नाही. पोचला की मग तुझं तू ठरव."

"आणि घरात शिरला तर? सिंधू एकटी असते."

"तू मागं असशीलच की."

बुवांनी मांडीवरचा पाय पुढं केला.

"माझ्या पायाची शपथ घे."

रंगनाथनं वाकून पायावर हात ठेवला.

"आई गं!" बुवा कळवळले. हात नेमका काट्यावर पडला होता.

संध्याकाळी रंगनाथनं दुकान बंद केलं, कमरेचं कणीस चाचपलं आणि निघाला. नेहमीसारखा भराभरा. पूल ओलांडला आणि झटकन कठड्याच्या आडोशाला बसला. पिशवी छातीशी धरलेली. जन्मात पहिल्यांदा तो त्या पावलांची वाट बघत होता.

पावलं आली. आधी खोकला आला, मग पावलं. मग धाप.

लतीफचाचा!

गावातले शिंपी. रंगनाथच्या लग्नातला सदरा त्यांनी शिवला होता आणि शिलाई घ्यायला नकार दिला होता. घर ओढ्याकाठी... रंगनाथच्या डोळ्यांपुढं तो विझलेला दिवा आला. म्हणजे हाही! त्याचा हात पिशवीत गेला. मूठ कोयत्यावर आवळली.

मग शपथ आठवली. त्यानं दात ओठ खात हात बाहेर काढला.

चाचा पुढं गेले आणि थबकले. समोरचा रस्ता मोकळा होता. त्यांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर बघितलं. इकडं वेड्या बाभळीत वाकून बघितलं.

"रंगनाथा?" त्यांनी हळूच हाक मारली. मग मोठ्यानं, "ए रंगनाथा!"

उत्तर आलं नाही. रंगनाथ त्यांच्या मागं, हाकेच्या अंतरावर श्वास धरून उभा होता.

आणि तो दमेकरी म्हातारा धावायला लागला.

धावणं कसलं ते! चार पावलं पळायचं, दोन चालायचं, छातीवर हात दाबायचा, पुन्हा पळायचं. एका ठिकाणी ठेच लागली, चप्पल निसटली, तिकडं त्यांनी बघितलंही नाही. एका पायानं अनवाणी तसेच काट्याकुट्यातून पुढं गेले.

मागून चालणाऱ्या रंगनाथनं ती चप्पल उचलली. का उचलली ते त्याला सांगता आलं नसतं. एका हातात कोयत्याची पिशवी, दुसऱ्या हातात चप्पल, असा तो चालत राहिला.

वस्तीच्या फाटकाशी सिंधू उभी होती.

"लेकी... आला का गं तो?"

"नाही अजून. तुम्ही होतात ना मागं?"

चाचा फाटकाशीच खाली बसले. त्यांना बोलवेना. खिशातून दम्याचा पंप काढला, पण हात इतका थरथरत होता की तो तोंडाला लागेना. सिंधूनं त्यांचा हात धरला, पंप तोंडाला लावून दिला.

"सुटला माझ्या नजरंतून," ते म्हणाले. "पुलापाशी होता अन् नंतर न्हाई. आज माझी पाळी होती गं माय. त्या वक्ताला दिवा विझवून बसलो व्हतो मी. तो वरडत होता अन् मी फुंकर मारली दिव्याला, भ्यालो... आज पुन्हा माझ्याच पाळीला असं झालं! काय तोंड दाखवू मी तुला?"

आणि म्हातारा रडायला लागला. लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून.

झाडाआड उभा राहून रंगनाथनं ते सगळं ऐकलं. ज्या माणसाला आडवा करायला तो निघाला होता, तो माणूस त्याच्याच दारात, त्याच्याचसाठी रडत होता. बुवांनी शपथ घातली नसती तर... पुढचा विचार त्याला करवेना.

तो पुढं आला. खाली वाकून त्यानं चाचांच्या अनवाणी पायापुढं चप्पल ठेवली.

चाचांनी आधी चपलेकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"आरं, मागं होतास व्हय रं भाड्या!" ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग तोच दंड धरून ठेवला, सोडला नाही.

सिंधूचा जीव भांड्यात पडला. जीव भांड्यात पडला की बायका रागावतात, तशी ती रागावली.

"कमरेला कणीस लावून हिंडता आणि वाटतं कुणाला कळत नाही! निवडणुकीत हत्यारं ठाण्यात जातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घाबरून चालता ते दिसत होतं सगळ्यांना. मीच गेले होते मठीत. तिथं ठरलं, तुमचं हत्यार परत येईपर्यंत एकेकानं एकेक दिवस मागून यायचं."

"मग सोबत का नाही चाललात?" रंगनाथ कसाबसा म्हणाला.

"चालू दिलं असतंस?" चाचांनी विचारलं.

रंगनाथनं नसतं चालू दिलं. 'मला काय धाड भरलीय' म्हणाला असता.

त्याला एकेक पाऊल आठवायला लागलं. जड पावलं गिरणीवाल्या सोपानची असणार, दिवसभर पोती उचलून आलेला. पाय ओढत येणारी गंगाबाई, जिचा गुडघा दुखतो आणि जिला त्यानं उधार खत द्यायला मागच्या हंगामात नकार दिला होता. ही सगळी माणसं आपापली चूल सोडून, दिवेलागणीची वेळ सोडून, त्याच्या पाठीला आली होती. आणि तो रोज त्यांना शिव्या देत पाय उचलत होता.

त्याला भडभडून आलं. दोन वर्षं तो त्या एका विझलेल्या दिव्याकडं बघत बसला होता. मागं एवढे दिवे लागले, त्यानं मान वळवली नाही.

त्या दिवशी चाचा वस्तीवरच जेवले. जाताना रंगनाथ त्यांना घरापर्यंत सोडायला गेला. येताना एकटाच आला. भीती होती; खोटं कशाला बोला. पण पलीकडं ओढ्याकाठच्या घरात दिवा लागला होता आणि तो घरी पोचेपर्यंत कुणी विझवला नाही.

सकाळी रंगनाथ मठीवर गेला.

चैतगीर बुवा ओट्यावर तसेच बसले होते. पाय मांडीवर, हातात सुई. काटा अजून तिथंच.

रंगनाथनं पिशवी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. कमरेचं कणीस काढून मठीच्या गाईपुढं टाकलं. गाईनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"द्या इकडं," तो म्हणाला आणि त्यानं बुवांचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

आजवर त्यानं कुणाचा पाय मांडीवर घेतला नव्हता. बुवांनी पाय सोडून दिला. त्यानं सुईच्या टोकानं कातडी हलकेच बाजूला केली, नखात धरून काटा ओढला. चांगला लांबलचक निघाला.

तो काट्याकडं बघत राहिला...

वेड्या बाभळीचा काटा. टेकडीवर नुसते लिंब होते. वेडी बाभूळ होती ती एकाच ठिकाणी, ओढ्यापासून त्याच्या वस्तीपर्यंत.

परवाची पावलं त्याला आठवली. सगळ्यांत सावकाश. सारखी मागं पडणारी. त्या पावलांनीच तो जास्त घाबरला होता, इतका की शेवटी पळत सुटला होता.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी त्या म्हाताऱ्या, भेगाळलेल्या तळव्यावर पडलं. बुवांनी बघितलं नाही असं केलं.

"बुवा," डोळे पुसून त्यानं विचारलं, "निकाल लागला की रिव्हॉल्वर परत मिळेल. आणू का नको?"

"तुझं आहे. आण की."

"आणू?"

"आण."

बुवांनी पाय जमिनीवर टेकवला, जोर देऊन बघितला. दुखत नव्हता.

"फक्त जरा हळू चालत जा, रंगनाथ... मागच्यांना दम लागतो."