गोजरा कासारणीचे हात

कोळथडीला नदीवर पूल नव्हता, माणसं तराफ्यावरून ये-जा करत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावाला बांगड्या भरायची गोजरा कासारीण. ती समोर बसायची, बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, पंजा दाबून दाबून मऊ करायची, आणि बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही. फावड्यासारखे रुंद पंजे असोत की पोरीबाळींची नाजूक मनगटं, गोजराने बांगडी वाढवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. वाढवली म्हणजे फुटली, पण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं.

गावाला एकच दुखणं होतं. दर सणाला सगळ्या बाया नटायच्या आणि महिन्याभराने सगळ्या मिळून खाजवायच्या. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या उठायच्या. जाणती माणसं म्हणायची, देवीचा कोप. मग देवीला नारळ मिळायचा, आणि गावाला पुन्हा खरूज.

एका वर्षी पाटलांच्या ठकूचं लग्न निघालं. चुडा भरायच्या सकाळी हात धुताना गोजराला स्वतःच्याच बोटांच्या बेचक्यांत चार पुटकुळ्या दिसल्या. ती ओल्या हातांनी तशीच ओट्यावर बसली. मागच्या महिन्यात नदीपलीकडे तिने एका मुलीचे हात भरले होते. ती मुलगी सारखी मनगट खाजवत होती. आता गोजराच्या लक्षात आलं की देवीचा यात काही संबंध नाही. खरूज एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, आणि मधला हात तिचा स्वतःचा होता. तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले, तेही कोपराने.

मांडवात जाऊन ती बायकांपासून चार पावलं लांब उभी राहिली. म्हणाली, "आज मी ठकूला हात लावणार नाही. मला खरूज झालीय."

पाटलांच्या आत्याबाई सगळ्या गावाच्या आत्याबाई होत्या. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? पदर घे हातावर आणि भर. कोण बघतंय? मला चाळीस वर्षं खाज आहे, मी काय मेले?"

"म्हणूनच गावालाही चाळीस वर्षं आहे, आत्याबाई."

बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला.

"जीभ आवर, गोजरे. दिवस मावळायच्या आत चुडा भरला नाही तर उद्या हळद लागायची नाही. मी पलीकडचा कासार आणवीन, आणि मग या गावात तुझं दुकान पुन्हा उघडायचं नाही."

या गावाशिवाय गोजराला दुसरं गाव नव्हतं. पण तिने ठकूकडे पाहिलं. ही पोर सासरी पहिल्याच पंगतीत खाजवत बसेल, आणि घाणेरडी म्हणून जन्मभर हिणवली जाईल.

"कासार आणा," ती म्हणाली, "पण आधी मला इथे बसून बघू द्या."

तिने बायकांकडून बांगड्या कडुनिंबाच्या पाण्यातून काढून घेतल्या आणि उन्हात ठेवायला सांगितल्या. ठकूचे हात रिठ्याच्या फेसाने माखायला लावले. स्वतः मात्र चार पावलांवर हात मांडीखाली घेऊन बसली आणि नुसती बोलत राहिली.

"ठकू, अंगठा तळव्यात घे. मूठ सोड. जोर लावू नकोस बाई, तिला येऊ दे."

ठकूने पहिली बांगडी बोटांवर ठेवली. असं म्हणतात, पुढचं बांगडीनेच केलं. गोजराचा आवाज ओळखून ती सरकली आणि मनगटावर जाऊन बसली. मग दुसरी, तिसरी. शेवटच्या बांगड्यांना तर ठकूने बोटही लावलं नाही, त्या आपोआप उठून ओळीने चढल्या. दिवस मावळला तेव्हा दोन्ही हात हिरवेगार भरले होते आणि एकही बांगडी वाढवली नव्हती.

आत्याबाई आपले हात उताणे करून हळूच म्हणाल्या, "गोजरे, याला लावायचं काय?"

त्या साली सगळ्या गावाने एकाच दिवशी गंधक आणि खोबरेल चोळलं, अंथरुणं-पांघरुणं उकळली. म्हणतात की तीन कोसांवर वास गेला, पण पुढच्या सणाला कुणी खाजवलं नाही.

आजही कोळथडीत बांगड्या भरणारी असो, मेंदी काढणारी असो की दाढी करणारा, आधी आपले दोन्ही पंजे बोटं फाकवून समोरच्याला दाखवतात. लहान पोरानेही ते नीट बघायचे असतात. हातावर काही दिसलं तर कुणी हाकलत नाही. बांगडीवाली असेल तर तिला चार पावलांवर बसवतात, पुढ्यात जेवणाचं ताट ठेवतात, आणि ती सांगेल तसं बाया आपल्याच हातांनी भरून घेतात. अशा वेळी एखादी बांगडी वाढवली, तर त्याला अशुभ मानत नाहीत. एवढंच म्हणतात, गोजराचं लक्ष जरा दुसरीकडे गेलं असेल.