बारकीची खळखळ

एक होती गोगलगाय. पाण्यातली गोगलगाय. वाटाण्याएवढी. तिचं नाव बारकी. पाठीवर घर, घराला दार, दाराआड बारकी.

बारकी राहायची कुमुदआत्याच्या घरी. तिथं होती काचेची मोठी टाकी. टाकीत हिरवं गवत, पांढरी वाळू, आणि एक केशरी मासोळी. तिचं नाव केशर. केशर पोहायची आणि बारकी बघायची. अशा त्या दोघी मैत्रिणी.

मोठ्या टाकीखाली कपाट. कपाटात छोटी टाकी. तिथं मासे नाहीत, गवत नाही, नुसता जाडजूड स्पंज. वरचं पाणी खाली यायचं. स्पंजातून गाळून निघायचं. मग पंप त्याला ढकलायचा. पाणी पाइपातून वर चढायचं आणि मोठ्या टाकीत पडायचं. खळखळ, खळखळ. वरून खाली, खालून वर. दिवसभर.

पाइपाच्या तोंडाशी बारकीची जागा. तिथं बसून ती खळखळ ऐकायची. खळखळीबरोबर वारा पाण्यात शिरायचा. त्या वाऱ्यावर केशर श्वास घ्यायची.

एक दिवस काय झालं? घुर्र. घर्र. गप्प.

पंप बंद पडला. खळखळ थांबली. बारकीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खळखळ कुठंच नाही.

केशर हळूहळू वर आली. तिनं तोंड उघडलं. आ, आ, आ. तोंड काही मिटेना. तिला श्वास पुरत नव्हता. बारकीला फार वाईट वाटलं.

बारकी पाण्याला म्हणाली,
"पाण्या, पाण्या, चढ.
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

पाणी म्हणालं, "खाली पडणं मला येतं. वर चढणं मला येत नाही. पंप ढकलेल, तर मी चढेन."

बारकीनं काय केलं? शंखात पाण्याचा एक घोट भरून घेतला. दार अर्धं लोटलं. आणि काचेवरून निघाली खाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

आता तुम्ही म्हणाल, गोगलगाय ती, पोचणार कधी? पोचते. उशिरा पोचते, पण पोचते.

खाली चटईवर तीन नवे पंप बसले होते. छोटा, मधला आणि मोठा. बारकी पोचेपर्यंत आत्या दुकानात जाऊन आली होती, आणि दुकानवाल्या नूरभाईंनी तिन्ही पिशवीत घालून दिले होते. घरी नेऊन बघा, बसेल तो ठेवा, बाकीचे परत आणा, असं म्हणाले होते.

बारकी म्हणाली,
"पंपा, पंपा, ढकल.
पाणी चढेना,
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

छोटा म्हणाला, "मी पाणी चढवतो आत्याच्या कमरेपर्यंत."
मोठा म्हणाला, "मी चढवतो छतापर्यंत."
मधला म्हणाला, "मी चढवतो आत्याच्या डोक्यावर हातभर."

बारकी बघतच राहिली. केवढी ही ताकद. पण तिघंही जागचे हलले नाहीत. तिघं एकदम म्हणाले, "आत्या निवडेल, तर मी ढकलेन."

बारकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शंखातला घोट थोडा कमी झाला.

कुमुदआत्या टाकीजवळ उभी होती. बारकीनं वर पाहिलं. आधी पाऊल दिसलं. मग गुडघा. मग कंबर. मग खूप वर, खूप खूप वर, आत्याचं तोंड. आत्याच्या हातात वाटी होती. आत्या टाकीतलं पाणी वाटीत घ्यायची, उंच न्यायची आणि वरून सोडायची. बुडुक, धार. बुडुक, धार. तेवढाच वारा पाण्यात, तेवढाच श्वास केशरला. आत्याचा हात भरून आला होता.

बारकी म्हणाली,
"आत्या, आत्या, निवड.
पंप ढकलेना,
पाणी चढेना,
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

आत्या म्हणाली, "निवडते की गं बारके. पण चढ किती, ते कुठं माहितीय? मागच्या खेपेला मी पट्टीनं मोजलं. पट्टी सरळ आणि पाइप वाकडा, वळणावळणावर पंपाचा दम जातो. चढ कमी भरला, मी लहान पंप आणला, अन् तो बिचारा धापा टाकून टाकून बसला. आता पट्टी नको. सुतळी मोजेल, तर मी निवडेन."

आणि पुन्हा वाटी. बुडुक, धार. बुडुक, धार.

बारकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शंखातला घोट आणखी कमी झाला.

सुतळीचा गुंडा होता खिडकीखाली. अर्धा दिसत होता, अर्धा दिसत नव्हता.

बारकी म्हणाली,
"सुतळी, सुतळी, मोज.
आत्या निवडेना,
पंप ढकलेना,
पाणी चढेना,
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

सुतळी दबल्या आवाजात म्हणाली, "मला वळणं घेता येतात. पाइप जसा वळेल तशी मी वळेन. पण बघ ना, माझ्यावर कोण झोपलंय. बोका उठेल, तर मी मोजेन."

बारकीनं वर पाहिलं. अबब. एवढा मोठा बोका. नाव त्याचं ढब्बू. डोंगरासारखं पोट वर जायचं, खाली यायचं. घुर्रुम, घुर्रुम.

बारकीला भीती वाटली. खरंच वाटली. पण तिनं दार सगळं उघडलं आणि मान बाहेर काढली.

"बोकोबा, बोकोबा, ऊठ.
सुतळी मोजेना,
आत्या निवडेना,
पंप ढकलेना,
पाणी चढेना,
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

ढब्बूनं एक डोळा उघडला. हिरवागार डोळा. त्या डोळ्यात बारकीला सगळी खिडकी दिसली. ढब्बू म्हणाला, "ऊन इथं, म्हणून मी इथं. मला ऊन लागतं. ऊन सरकेल, तर मी उठेन."

आणि डोळा मिटला. घुर्रुम, घुर्रुम.

आता आली का पंचाईत. उन्हाला कोण सांगणार? ऊन आत्याचं ऐकत नाही. नूरभाईंचं ऐकत नाही. तुमचं माझं कुणाचं ऐकत नाही. पण बारकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शंखातला घोट उरला एवढासा.

फरशीवर ऊन पडलं होतं. पिवळं, रुंद, गरम. ते खिडकीतून आलं होतं. खिडकीत आलं होतं आभाळातून. आभाळात आलं होतं थेट सूर्यापासून. इतक्या लांबून आलं, आणि आत्याच्या फरशीवर टेकलं. बारकी उन्हाच्या काठाशी थांबली. मग ती हळूच म्हणाली,

"उन्हा, उन्हा, सरक.
बोका उठेना,
सुतळी मोजेना,
आत्या निवडेना,
पंप ढकलेना,
पाणी चढेना,
खळखळ होईना,
केशर तोंड मिटेना."

नुसती वाटी वाजत होती. बुडुक, धार. बुडुक, धार.

मग ऊन बोललं. ऊन कधी कुणाशी बोलत नाही. बारकीशी बोललं. अगदी हळू.

"तू बघशील, तर मी सरकेन."

बारकी बसली. बघत राहिली.

फरशीवर तांदळाचा एक दाणा होता. दाणा उन्हात होता. बारकी बघत राहिली. शंखात पाणी उरलं नाही, नुसती ओल उरली. तरी बघत राहिली. दुसरं कुणी असतं, तर म्हणालं असतं, छे, हे काही हलत नाही. आणि उठून गेलं असतं. पण बारकी होती गोगलगाय. तिला हळू चाललेलं दिसायचं.

आणि तिला दिसलं. ऊन चाललं होतं. तिच्याच चालीनं चाललं होतं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. एवढं मोठं ऊन, आणि पायांचा आवाज नाही. दाणा अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. मग दाणा सगळा सावलीत.

इतकं सुंदर बारकीनं कधी पाहिलं नव्हतं.

ऊन सरकलं.

ढब्बूच्या पाठीवर सावली आली. पाठ गार पडली. ढब्बूनं कान हलवला, शेपूट हलवली, कमान केली, जांभई दिली. आणि बोका उठला. उन्हाच्या मागोमाग निघून गेला.

सुतळी सुटली. गडगड गडगड, गुंडा आला लोळत. सुतळी म्हणाली, "माझं टोक धर, बारके. मला पाइपावरून ने."

बारकीनं टोक धरलं. ती आधी गेली कपाटात, छोट्या टाकीशी. टाकीचा काठ ओला होता. बारकीनं तिथं एक घोट घेतला. मग टोक घेऊन पाइपावर चढली. पाइप वळला, बारकी वळली. पाइप पुन्हा वळला, बारकी पुन्हा वळली. एकही वळण तिनं सोडलं नाही. वर, वर, आणखी वर. चढता चढता पोचली पाइपाच्या तोंडाशी.

सुतळीनं मोजलं.

आत्यानं वाटी खाली ठेवली. सुतळीचं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं वर ताणलं. टोक आलं आत्याच्या छातीशी.

"हां," आत्या म्हणाली, "आत्ता कळलं. छातीपर्यंत चढायचंय. छोट्या, तू कमरेशीच बसशील. मोठ्या, तू खालची टाकी एका घोटात पिशील अन् वरची सांडून ठेवशील. मग खालच्या मजल्यावरच्या काकू येतील भांडायला. मधल्या, तू ये. चढून झाल्यावर दम उरला पाहिजे अंगात. तुझ्यात उरेल."

मधला? लाजला असेल.

आत्यानं निवडलं.

आत्यानं मधल्याला छोट्या टाकीत ठेवलं. पाइप बसवला. हात पुसले, नीट कोरडे केले. बटण दाबलं. खट्.

गुर्रर्र.

पंपानं ढकललं.

पाइप होता आरपार दिसणारा. त्यात पाणी आलं. आत्यानं बघितलं. बारकीनं बघितलं. कपाटाबाहेर बसलेल्या छोट्या पंपानं बघितलं, मोठ्या पंपानं बघितलं. जे पाणी खाली पडतं, नेहमी खालीच पडतं, ते वर चाललं होतं. गुडघ्यापर्यंत आलं. वळणावर थबकलं, वळलं. कमरेपर्यंत आलं. पुन्हा वळलं. आणि चढलं, चढलं, चढलं.

पाणी चढलं.

पाइपाच्या तोंडाशी आधी आला एक बुडबुडा. मग थेंब. मग धार. मग खळखळ, खळखळ, खळखळ.

खळखळ झाली.

हजार बुडबुडे पाण्यात शिरले. गवत डोललं. वाळू चमकली. बुडबुड्यांतून केशर आली. आ, आ.

आ.

आणि केशरनं तोंड मिटलं.

ती खाली गेली, वर आली, गोल फिरली. शेपूट उघडली, तेव्हा सगळी टाकी केशरी दिसली. आत्यानं दुखऱ्या हातानं डोळे पुसले. "बारके," ती म्हणाली, "तुझ्यामुळं झालं गं हे सगळं."

बारकी पाण्यात उतरली. डुबुक. आपल्या जागेवर बसली. तिच्या डोक्यावर पाणी वरून पडत होतं, तिच्या पाठीमागं पाणी खालून चढत होतं. केशर आली आणि तिच्या अगदी जवळ थांबली. आज केशर पोहली नाही. आज दोघी मिळून बघत बसल्या.

पाणी वर गेलं, पाणी खाली आलं, आणि गोष्ट इथं थांबली. पण पाणी थांबलं नाही हं. श्श. कान दे. ऐकू येतंय?

खळखळ, खळखळ.