भुराप्पाचे झोके

फार मागे, एका रानातल्या वडाला सशांच्या घराण्याने पारंब्यांचे झोके बांधले होते. पणजोबांपासून चालत आलेले ते झोके आता म्हातारा भुराप्पा चालवत असे. सणासुदीला रानातली सगळी पिल्लं तिथे गर्दी करत.

एकदा वानरांनी विचारलं, "आप्पा, झोके आम्हाला विकता का?"

भुराप्पा उखडला. "वाडवडिलांचं विकू?"

त्याची लेक शेवंती हळूच म्हणाली, "आप्पा, आई शेवटचं आजारपण काढत होती, तेव्हाही सण होता. तुम्ही इथे दुसऱ्यांच्या पोरांना झोके देत होतात. उद्या झोके माझ्याकडे आले की माझ्यावरही तीच पाळी यायची."

भुराप्पा बराच वेळ वडाच्या खोडावर हात फिरवत राहिला. मग त्याने वानरांना एकेक गाठ दाखवली आणि झोके त्यांच्या हवाली केले.

पुढच्या सणाला तो नातीचा हात धरून रांगेत उभा राहिला. जन्मात पहिल्यांदाच तो झोक्यावर बसला. झोका उंच गेला आणि झाडांपलीकडे नदीचं वळण चमकलं. वर गेलेली पिल्लं एकदम गप्प का होत, ते त्याला आज कळलं.

"आजोबा, रडताय?" नातीने विचारलं.

"नदी बघ," भुराप्पा म्हणाला. "तुझ्या आजीला दाखवायची राहिली."